सोवळं आणि डफ

सोलापूरच्या जोशी घराण्यात दोन भाऊ होते. थोरले मुद्गल जोशी, व्युत्पन्न शास्त्री आणि पुराणिक. धाकटा राम मात्र धोंडी शाहिराच्या फडात जाऊन बसायचा. 1760च्या आसपास जन्मलेल्या या मुलाला पोथीपेक्षा डफ-तुणतुण्याची ओढ. नुसतं ऐकण्यावर भागलं असतं तर घरच्यांनी कानाडोळा केला असता. पण तो लावण्या रचू लागला, फडात उभा राहून गाऊ लागला. थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढलं, असं परंपरा सांगते.

मुद्गलांचा राग नेमका कशावर होता? शृंगारावर, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण संस्कृत काव्य जाणणाऱ्या घराला शृंगार काय नवा? 'गीतगोविंद' किंवा 'कुमारसंभव' वाचून कुणाचं सोवळं मोडत नव्हतं. आणि तमाशाने तरी देवाला कुठे सोडलं होतं? आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग कृष्णाची गौळण. शिव थोर की शक्ती, यावर कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब रात्र रात्र चालायचे. खरी हरकत होती ती जागेला आणि संगतीला. फडात ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं, त्यांच्या हातचं पाणीही शास्त्र्याच्या घरात चालत नव्हतं. समोर बसणारा कुणीही. ब्राह्मणाच्या मुलाने तिथे उभं राहून बिदागीसाठी गायचं, हे घराच्या अब्रूला झेपणारं नव्हतं. धर्माचा प्रश्न म्हणून मांडला गेला तो बराचसा जातीचा प्रश्न होता.

घर सुटल्यावर राम पंढरपूरला गेला आणि तिथे त्याने शास्त्राभ्यास केला. पुढे राम जोशी कीर्तनालाही उभे राहू लागले. मोरोपंतांच्या (1729–1794) आर्या ते कीर्तनात गात. त्या पंडिती आर्या सामान्य श्रोत्यांच्या ओठांवर आल्या, यात या तमासगिराचा वाटा मोठा आहे. बिघडलेला मुलगा शेवटी सुधारला, अशी गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गोड. पण त्यांची रचना समोर ठेवली की ती टिकत नाही. पंढरपूरची विद्या लावणीतच उतरलेली दिसते: यमक-अनुप्रासांची गच्च वीण, संस्कृत शब्दांची रेलचेल, एवढंच काय, चक्क संस्कृतातली लावणी. ज्या डफावर त्यांनी रूपवतीचं वर्णन केलं, त्याच डफावर जटा वाढवून मिरवणाऱ्या ढोंगी साधूंना झोडपलं. माझ्या मते त्यांची सगळ्यात धार्मिक रचना तीच. मुद्गलांच्या पुराणातही ती शोभली असती.

धर्म आणि कला यांच्यातला हाच ताण दुसऱ्या टोकाने पाहायचा तर अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाकडे जावं लागेल. 1830 साली स्थापन झालेल्या या पंथाला गाण्या-नाटकाचं वावडं नव्हतं. त्यांच्या सॉल्ट लेक सिटीत 1862 मध्येच मोठं नाट्यगृह उभं राहिलं, त्यांचा गायकवृंद जगभर ऐकला जातो. त्यांच्या श्रद्धेच्या तेरा कलमांतलं शेवटचं कलम सांगतं की जे सद्गुणी, सुंदर आणि स्तुत्य आहे त्याचा शोध घ्यावा. कलावंताचं घोडं अडतं ते इथेच. सुंदर आणि सद्गुणी यांचं जमलं नाही तर? 1997 मध्ये या पंथाच्या ब्रिगॅम यंग विद्यापीठाने रोदँच्या शिल्पांच्या प्रदर्शनातून 'द किस' हे जगप्रसिद्ध शिल्प वगळलं. तिथे मंच मिळतो, आशय तपासला जातो. मुद्गलांच्या सोलापुरात आशय खपला असता, मंच खपत नव्हता.

आपल्याकडेही पुढे आशयच तपासला जाऊ लागला. त्याचा सगळ्यात मोठा फटका बसला तोही याच सोलापूर जिल्ह्यात, पंढरपुरात 1915 साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांना. देवतांच्या नग्न चित्रांवरून 1996 पासून हिंदू संघटना त्यांच्यावर तुटून पडल्या, हे सर्वांना आठवतं. 2004 मध्ये त्यांच्या 'मीनाक्षी' चित्रपटातल्या एका कव्वालीवर मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि चित्रपट काढून घ्यावा लागला, हे फारसं कुणी सांगत नाही. 2006 मध्ये त्यांनी देश सोडला. 2011 मध्ये लंडनमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

राम जोशींच्या वाट्याला निदान असं काही आलं नाही. 1947 मध्ये 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट आला, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर घराघरांत पोहोचले. पण त्यामुळे लोकांच्या मनात राहिला तो रंगेल शाहीर. कीर्तनकार मागे पडला. आजही रंगमंचावर त्यांच्या शृंगारिक लावण्याच येतात. सोलापूर-पंढरपूरच्या कीर्तनकारांनी एकदा उत्तररंगात राम जोशींची ती ढोंगी साधूवरची लावणी घेऊन पाहावी. श्रोते उठून जाणार नाहीत.