स्मेताना आणि प्रागचे राष्ट्रीय रंगमंदिर

'राष्ट्रीय संगीतकार' ही पदवी आपण फार सहज वापरतो. जणू एखादा माणूस जन्मतःच ती कपाळावर घेऊन येतो. बेदर्झिख स्मेताना या चेक संगीतकाराचे चरित्र वाचले की हा समज टिकत नाही. त्याला ही पदवी मिळाली ती एका नाट्यगृहामुळे. ते नाट्यगृह चालवण्यात त्याने आठ वर्षे झीज सोसली, आणि त्याच्यामागे इतरांनी त्याच्या कृती तिथे सतत उभ्या ठेवल्या. आज मला त्याच्या सुरांपेक्षा या कारभाराबद्दल अधिक सांगायचे आहे.

ऑपेरा म्हणजे काय, हे संगीत नाटके ऐकत वाढलेल्या वाचकाला फार समजावून सांगायला नको. तिथे संवादही बहुधा गायले जातात आणि साथीला ऑर्गन-तबल्याच्या जागी मोठा वाद्यवृंद असतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

स्मेतानाचा जन्म २ मार्च १८२४ चा. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. शाळा जर्मन, कचेरी जर्मन, प्रतिष्ठित घरांतले बोलणे जर्मन. स्मेतानाचे शिक्षण त्याच भाषेत झाले, तरुणपणी तो आपले नाव फ्रीडरिख असे लिहीत असे, आणि रोजनिशीही जर्मनमध्ये ठेवी. पाच वर्षे स्वीडनमधल्या गोथेनबर्गला काढून १८६१ मध्ये तो परतला, तोवर पस्तिशी उलटून गेली होती. चेक भाषेच्या व्याकरणाचा नेटाने अभ्यास त्याने या वयात केला. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि कोर्टकचेरीत तिसरी, अशी स्थिती आपल्यापैकी अनेकांच्या घरांत तीन-चार पिढ्या आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगतो. चेक शब्दात आघात पहिल्या अक्षरावर पडतो. जर्मन चालींची सवय असलेल्या स्मेतानाकडून सुरुवातीच्या ऑपेरात हे आघात जागोजागी चुकले, आणि जाणकारांनी ते दाखवूनही दिले. तो शिकत राहिला. त्याच्या 'डालिबोर' आणि 'लिबुशे' या दोन गंभीर ऑपेरांच्या संहिता तर योसेफ व्हेन्झिग याने मुळात जर्मनमध्ये लिहिल्या होत्या, मग त्यांचे चेक भाषांतर झाले. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या कलाकृतींचा जन्म असाही होतो. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

प्रागमध्ये चेक भाषेतील नाटकांसाठी १८ नोव्हेंबर १८६२ रोजी एक छोटे नाट्यगृह उघडले. त्याचे नावच 'तात्पुरते नाट्यगृह' होते, कारण खरे मोठे रंगमंदिर लोकवर्गणीतून उभे राहायचे होते. तिथल्या प्रमुख संचालकाची जागा स्मेतानाला हवी होती. ती मिळाली यान नेपोमुक मायर याला. पुढे काउंट हराख यांनी लावलेल्या चेक ऑपेराच्या स्पर्धेत स्मेतानाचा पहिला ऑपेरा बक्षीसपात्र ठरला, आणि जानेवारी १८६६ मध्ये त्याने स्वतः तो सादर केला. त्याच वर्षी ती खुर्ची त्याच्याकडे आली.

पण खुर्ची मिळण्याआधीच, ३० मे १८६६ रोजी, त्याचा दुसरा ऑपेरा रंगमंचावर येऊन पडला होता. 'प्रोदाना नेव्हेस्ता', म्हणजे 'विकलेली नवरी'. दिवस उकाड्याचा, प्रशियाशी युद्ध तोंडावर आलेले. नाट्यगृह भरलेच नाही. कथा खेड्यातली. एक मध्यस्थ लग्न जमवतो आहे. नायक तीनशे गिल्डर घेऊन आपली प्रेयसी सोडायला तयार होतो. अट एकच, तिचे लग्न मीखाच्या मुलाशीच व्हावे. गाव त्याची छीथू करते. शेवटी कळते की तो स्वतःच मीखाचा परागंदा झालेला थोरला मुलगा आहे. पैसे त्याचे, नवरीही त्याची, आणि मध्यस्थ तोंडात बोट घालून उभा!

हा खेळ एकदा आपटल्यावर दुसऱ्या कुणाच्या हाती असता तर कपाटात गेला असता. स्मेतानाच्या हाती नाट्यगृह होते, म्हणून तो पुन्हा पुन्हा लावता आला आणि दर वेळी सुधारता आला. त्यात पोल्का, फुरियांट ही नृत्ये आली. गद्य संवादांच्या जागी गायलेले संवाद आले, आणि २५ सप्टेंबर १८७० रोजी आज आपण ऐकतो ते रूप सिद्ध झाले. नाट्यगृहाचा प्रमुख असण्याचा खरा उपयोग इथे दिसतो. स्वतःची जाहिरात करणे सोपे असते. स्वतःची कृती प्रेक्षकांसमोर चार वर्षे दुरुस्त करत राहणे तितके सोपे नसते.

बाकीचे काम मात्र रोजच्या कटकटीचे होते. इटालियन, फ्रेंच, जर्मन ऑपेरे चेक भाषांतरात बसवायचे, गायक घडवायचे, वर्गणीदारांची मर्जी सांभाळायची. वाद्यवृंदात तेव्हा व्हायोला वाजवणारा एक तरुण होता, अंतोनीन द्वोर्झाक. विरोधकही होतेच. पिवोदा नावाचा गायनशिक्षक-समीक्षक आणि त्याचा गट म्हणे की हा माणूस चेक संगीत वाग्नेरच्या, म्हणजे जर्मनांच्या, दावणीला बांधतो आहे. १६ मे १८६८ रोजी सकाळी मोठ्या रंगमंदिराची पायाभरणी झाली, संध्याकाळी 'डालिबोर' झाला. टाळ्या पडल्या, पण पुढच्या प्रयोगांना हाच आक्षेप भोवला. १८७२ च्या अखेरीस ८६ वर्गणीदारांनी त्याला काढा म्हणून अर्ज केला. द्वोर्झाकसह अनेक संगीतकार त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि जागा वाचली. पगारही वाढला.

माणसांनी जे साधले नाही ते आजाराने केले. १८७४ च्या उन्हाळ्यात कानात आवाज सुरू झाले, ऑक्टोबरपर्यंत दोन्ही कान पूर्ण गेले. वय पन्नास. कानात सतत शिट्टी वाजते म्हणून येणारे रुग्ण मी वर्षानुवर्षे पाहतो. बाहेरून काहीच दिसत नसल्याने घरच्यांना त्यांचे म्हणणे पटत नाही, हा त्यांचा निम्मा त्रास असतो. स्मेतानाने १८७६ च्या 'माझ्या जीवनातून' या चौकडीत तो सूर सर्वांना ऐकवला. शेवटच्या भागात आनंदी नाच चाललेला असताना एकदम एक तार अतितीव्र सूर धरून राहते आणि बाकीचे सगळे थिजते. कर्णनादाचे याहून नेमके वर्णन मी कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात वाचलेले नाही.

बहिरा संचालक कसा चालणार? नाट्यगृहाने त्याला वर्षाला १२०० गिल्डर देऊ केले, आणि बदल्यात त्याचे ऑपेरे पुढे विनामोबदला करण्याचा हक्क घेतला. ही रक्कमही कधी थकायची. प्रागमधला खर्च झेपेना, तेव्हा तो याब्केनित्से या खेड्यात वनाधिकारी जावयाकडे राहायला गेला. तिथेच आणखी तीन ऑपेरे आणि 'माझा देश' ही सहा भागांची वाद्यवृंदरचना पुरी झाली. त्यातला एकही स्वर त्याने कानाने ऐकला नाही.

'लिबुशे' त्याने १८७२ मध्येच लिहून ठेवला होता आणि नऊ वर्षे राखून ठेवला. हा रोजच्या खेळांतला ऑपेरा नव्हे, तो राष्ट्राच्या सणाच्या दिवशीच व्हावा, असा त्याचा हट्ट होता. ११ जून १८८१ रोजी नव्या रंगमंदिरात तो झाला. या इमारतीच्या पायात बोहेमियाच्या निरनिराळ्या डोंगरांवरून आणलेल्या शिळा आहेत आणि शिकागोला स्थायिक झालेल्या चेक लोकांनी पाठवलेलीही एक आहे. दोन महिन्यांत, १२ ऑगस्टला, छपरावर काम चालू असताना आग लागली आणि रंगमंदिर जळाले. लोकांनी ४७ दिवसांत दहा लाख गिल्डर पुन्हा जमवले. १८ नोव्हेंबर १८८३ ला दारे परत उघडली, तीही 'लिबुशे'नेच. रंगमंचाच्या कमानीवर कोरले आहे ते 'राष्ट्राने स्वतःसाठी' या अर्थाचे. सहा महिन्यांनी, १२ मे १८८४ रोजी, प्रागच्या मनोरुग्णालयात स्मेताना वारला.

आमच्याकडे पंचकल्याणक प्रतिष्ठेला सारा गाव लोटतो. दुसऱ्या दिवशीपासून पहाटे अभिषेक कोण करणार, याची पाळी मात्र चार घरांत लावावी लागते. प्रागमध्ये ही पाळी लागली म्हणूनच पुढचे सगळे झाले. पहिला पाळीकर रंगमंदिराचा संचालक फ्रांतिशेक शुबर्ट. ज्या 'डालिबोर'ला लोकांनी झिडकारले होते तो १८८६ मध्ये पुन्हा आणला गेला आणि गाजला. १८९२ मध्ये व्हिएन्नाच्या संगीत-नाट्य प्रदर्शनात शुबर्ट सगळा ताफा घेऊन गेला. साम्राज्याच्या राजधानीत, चेक भाषेत, 'विकलेली नवरी' झाली आणि तिथून ती युरोपभर गेली. पाच वर्षांनी व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराची सूत्रे माहलेरकडे आल्यावर त्याने नव्याने उभा केलेला पहिला ऑपेरा होता 'डालिबोर'.

आपल्याकडचा काळ ताडून पाहा. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे 'शाकुंतल' पुण्यात आले १८८० मध्ये, 'लिबुशे'च्या सात-आठ महिने आधी. अण्णासाहेब गेले ते १८८५ मध्ये, स्मेतानानंतर सुमारे दीड वर्षाने. आपल्या मंडळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरल्या. त्यांना संस्थानिकांचा आश्रय मिळाला, गंधर्व मंडळीला बडोद्याचा मिळाला तसा. पण मंडळी मोडली की तिचे नाटक चालवण्याची जबाबदारी कुणाच्याच गळ्यात पडत नसे. पदे कंठात राहिली, प्रयोग राहिले नाहीत.

तरी प्रागचे चित्र निर्मळ आहे असे समजू नका. १९०० मध्ये ऑपेराचा प्रमुख झालेला कारेल कोवार्झोविट्स शिस्तीचा माणूस होता, वाद्यवृंद त्याने उत्तम केला. पण ब्रनोच्या यानाचेकने कधीकाळी त्याच्या ऑपेरावर खवचट परीक्षण लिहिले होते. यानाचेकचा 'येनूफा' १९०४ मध्ये ब्रनोला झाला. प्रागच्या दारात तो बारा वर्षे थांबला, आणि १९१६ मध्ये आत आला तो कोवार्झोविट्सने फेरफार करून. शिवाय स्मेतानाचे कट्टर भक्त द्वोर्झाकला कमी लेखण्यात धन्यता मानू लागले होते. पूर्वी ज्याला 'हा चेक नव्हे' म्हणून हाकलायला निघाले, त्याच्याच नावाने आता इतरांना मोजणे सुरू झाले.

या पाळीकरांत मला मानाचा वाटतो तो ओताकार ओस्तर्चिल. १९२० ते १९३५ तो त्या खुर्चीवर होता. आल्या वर्षीच त्याने यानाचेकचा 'श्री. ब्रौचेक यांच्या सहली' प्रथम रंगमंचावर आणला. १९२४ मध्ये स्मेतानाच्या जन्मशताब्दीला आठही ऑपेरांची मालिका केली, पडलेलेसुद्धा वगळले नाहीत. दोन वर्षांनी त्याच रंगमंचावर आल्बान बेर्गचा 'वोझेक' हा अगदी नवा, कानाला खुपणारा ऑपेरा आणला. तिसऱ्या प्रयोगाला प्रेक्षागृहात गोंधळ झाला आणि सरकारने खेळ बंद पाडला.

'विकलेली नवरी'चे पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रणही ओस्तर्चिलनेच १९३३ मध्ये केले. हल्ली ते मोबाइलवर सापडते. आवाज जुना, खरखरीत आहे. आधी नांदीसारखी येणारी वाद्यवृंदाची धावती सुरुवात ऐका, मग मध्यस्थाचे गाणे. भाषा कळली नाही तरी हा माणूस लग्न जमवून पैसे खाणार, हे लगेच कळते.