थ्रॉटल-जोडणी, आउटबोर्ड एंजिनाची

नौकेच्या पिछाडीस बाहेरून अडकविलेल्या एंजिनातील इंधन-मिश्रणाची झडप व ठिणगीची वेळ ही दोन्ही एकाच मुठीने नियंत्रित करणारी तरफा, दांडे व कॅम यांची यंत्रणा. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे अशा एंजिनांच्या व्यापारी निर्मितीस प्रारंभ केला. पुढे कार्ब्युरेटर असलेल्या, दोन धावांच्या एंजिनांत ही जोडणी रूढ झाली.

मूठ फिरविली की प्रचक्राखालील तबकडी फिरते व ठिणगी अधिकाधिक आधी पडू लागते. तबकडीला जोडलेला कॅम त्यानंतरच कार्ब्युरेटरच्या रूळास ढकलतो आणि झडप उघडते. समायोजनाचे सारे मर्म या क्रमात आहे. झडप आधी उघडल्यास मिश्रण भरपूर येते. पण ठिणगी उशिरा पडल्याने एंजिन गुदमरते व लाटेच्या तोंडावर नेमके बंद पडते. उलट, ठिणगी फार पुढे गेल्यास विस्फोटक ज्वलन होऊन दट्ट्याच्या माथ्यास भोक पडू शकते. अशा वेळी कार्ब्युरेटर निष्कारण खोलला जातो. दोष मात्र कित्येकदा जोडणीत असतो.

काम एंजिन बंद ठेवून व ठिणगी-गुडद्यांच्या तारा काढून करतात. मंदगतीचा स्क्रू मागे घेऊन, एकाहून अधिक कार्ब्युरेटर असल्यास त्यांना जोडणारे स्क्रू सैल करतात. सर्व झडपा पूर्ण मिटल्यावर ते पुन्हा आवळतात. मग मूठ सावकाश फिरवून, रूळ कॅमवरील खुणेशी येताच झडपेचा आस हलू लागतो की नाही, ते पाहतात. ही हालचाल अत्यल्प असते. आसाला लांब चिमटा लावल्यास त्याच्या टोकाशी ती स्पष्ट दिसते. पूर्ण वेगाच्या स्थितीत झडपा पूर्ण उघडल्या पाहिजेत. परंतु रूळ व कॅम यांत किंचित मोकळीक हवी, अन्यथा आसावर ताण येतो. ठिणगीची कमाल आघाडी निर्मात्याने दिलेल्या अंशांप्रमाणेच ठेवतात. दूरनियंत्रणाची केबल सर्वांत शेवटी जोडतात.

मंदगती मात्र नौका पाण्यात बांधून, एंजिन गिअरमध्ये असतानाच ठरवावी. पाण्याविना एंजिन चालविल्यास शीतक पंपाचे रबरी चक्र थोड्याच वेळात जळते.

इलेक्ट्रॉनीय इंधन-अंतःक्षेपणामुळे नव्या एंजिनांत या जोडणीचे महत्त्व घटले आहे. एव्हिनरूड एंजिनांचे उत्पादनही २०२० मध्ये थांबले. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील लहान होड्यांवर कार्ब्युरेटरची एंजिने अद्याप आढळतात. तेथे खाऱ्या पाण्याने सांधे गंजतात व प्लॅस्टिकच्या बुशा झिजतात. त्या बदलल्याशिवाय केलेले समायोजन टिकत नाही.