बाळंतपणानंतरचा व्यायाम : घाई नको, हयगयही नको

प्रसूतीनंतर दीड महिन्याने माता बाळाला घेऊन लसीकरणासाठी रुग्णालयात येतात. बाळाचे वजन होते, लस दिली जाते, पुढची तारीख कार्डावर लिहिली जाते. निघता निघता एखादी माता संकोचाने विचारते, "माझे पोट कधी कमी होईल?" सोबतच्या आजींना इतक्यात हालचालच नको असते, तर मातेला नोकरीवर परतण्यापूर्वी पूर्वीचे कपडे अंगाला यायला हवे असतात. या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग येथे सांगत आहोत.

सव्वा महिन्याच्या विश्रांतीची आपली जुनी रीत निराधार नाही. गर्भाशय पूर्ववत होण्यास साधारण सहा आठवडे लागतात. मात्र विश्रांती म्हणजे अंथरुणाला खिळून राहणे नव्हे. या काळात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते व सतत पडून राहिल्यास पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच गुंतागुंत नसल्यास सिझेरियन झालेल्या मातेलाही आम्ही २४ तासांच्या आत आधार देऊन चालवतो. दीर्घ श्वसन, घोटे फिरवणे आणि खोलीतल्या फेऱ्या हा तिचा पहिला व्यायाम होय.

तळाचे स्नायू आणि पोट

मूत्राशय व गर्भाशय यांना खालून आधार देणारे स्नायू नऊ महिने भार वाहतात. त्यांच्या बळकटीसाठी अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली व्यायाम मांडला. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू पाच अंक मोजेपर्यंत आवळावेत, तितकाच वेळ सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये. खोकताना वा हसताना लघवीचे थेंब जाणे ही तक्रार कित्येक स्त्रिया 'असे व्हायचेच' म्हणून वर्षानुवर्षे सोसतात. वेळीच सांगितल्यास ती बहुधा सुधारते.

गर्भ वाढताना पोटाचे मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. उताणे झोपून मान उचलताना बेंबीजवळ उंचवटा दिसत असेल, तर ते अंतर अद्याप भरलेले नाही असे समजावे. अशा वेळी दोन्ही पाय एकत्र उचलणे किंवा झोपेतून एकदम उठून बसणे, असे व्यायाम टाळावेत. गुडघे दुमडून, श्वास सोडताना बेंबी हळुवार आत ओढावी. पोट बांधल्याने आधार वाटतो, चरबी घटत नाही.

सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर दहा मिनिटांच्या चालण्याने आरंभ करून वेळ वाढवत न्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. धावणे वा दोरीवरच्या उड्या तीन महिन्यांनंतर, तेही तक्रार नसल्यासच.

वजनाविषयी

प्रसूतीच्या वेळी सुमारे पाच ते सहा किलो वजन उतरते. उरलेले उतरण्यास अनेक महिने लागतात. स्तनपान देणाऱ्या मातेला पहिले सहा महिने दररोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. म्हणून उपवास वा एकवेळ जेवण नको. भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या पोटभर घ्याव्यात. डिंकाचा लाडू एखादा पुरे, येता-जाता नको. बेताच्या व्यायामाने दूध आटत नाही.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. तेव्हा चालताना धाप लागणाऱ्या मातेला आळशी ठरवण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन पाहावे. लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस चालू ठेवाव्यात. गरोदरपणी मधुमेह झालेल्या मातेने सहा आठवड्यांनी साखर तपासावीच. पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका तिला अधिक असतो आणि वजन आटोक्यात ठेवल्याने तो कमी होतो.

अंगावरून पुन्हा लाल रक्त जाऊ लागणे, एका पोटरीला सूज, छातीत दुखणे, टाक्यांतून स्राव वा ताप यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून तत्काळ रुग्णालयात यावे.

कुटुंबीयांना आमची एकच विनंती आहे. रोज अर्धा तास बाळाला आपण सांभाळावे व त्या वेळात मातेला चालू द्यावे. आणि बाळाच्या कार्डावर लिहिलेली सहा आठवड्यांची तारीख ही आईच्या तपासणीचीही तारीख आहे, हे विसरू नये.