दारातली ईद

आमच्या शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागे. धाकट्या भावाचा बोनमॅरो जुळला (सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारात एक असते) आणि प्रत्यारोपण झाले. तीन महिन्यांनी रमजान ईद आली. तिच्या अम्मीने पाहुण्यांना दारातच थांबवले. काहीजण रुसले. "रिपोर्ट चांगला आलाय ना?"

रिपोर्ट चांगलाच होता. पण मंडळी, तो सारे सांगत नाही. प्रत्यारोपणापूर्वी औषधे देऊन जुना मॅरो काढून टाकतात, त्याबरोबर प्रतिकारशक्तीही जाते. जंतूंवर पहिली धाड घालणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी दोन-चार आठवड्यांत परततात. टी-पेशींना मात्र छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार व्हावे लागते. त्यात कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ जातो. मुलांची थायमस जोमदार असते, एवढे त्यांचे नशीब! तोवर साधा गोवर, कांजिण्याही जिवावर बेतू शकतात. जुन्या लसींचा असरही ओसरतो. त्या पुन्हा टोचाव्या लागतात. गोवराची लस जिवंत विषाणूंची, म्हणून ती साधारण दोन वर्षांनंतरच.

त्या ईदला शीरखुर्मा आम्ही ओट्यावर बसून खाल्ला. पोर खिडकीतून वाट्या मोजत होती.