यावत्-तावत् : शब्दांतून बीजाकडे

अंकगणितात बरी गती असलेले मूल सहावी-सातवीत बीजगणिताच्या पहिल्या शाब्दिक उदाहरणापाशी अडते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. समीकरण फळ्यावर लिहून दिले की ते बिनचूक सोडविते. तेच समीकरण वाक्यात घालून दिले की पेन्सिल थांबते. अशा मुलावर ‘गणितात कच्चे’ असा शिक्का बसतो आणि पुढे विषय निवडताना, क्वचित शाळा सोडतानाही, तो शिक्का त्याच्या सोबत असतो. वास्तविक पुष्कळदा अडचण गणिताची नसतेच. ती भाषांतराची असते.

हे भाषांतर आपल्याकडे फार जुने आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात एक प्रश्न घातला आहे. एका माणसापाशी ३०० नाणी आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्यापाशी त्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० नाण्यांचे ऋण आहे. दोघांचे वित्त सारखेच. तर एका घोड्याची किंमत किती? आचार्य अज्ञात राशीला ‘यावत्-तावत्’ म्हणतात, म्हणजे ‘जितके असेल तितके’, आणि लिहिताना नुसते ‘या’ मांडतात. ज्ञात संख्येपुढे ‘रूप’ या शब्दातला ‘रू’ येतो. मग वर ‘या ६ रू ३००’, खाली ‘या १० रू १००’, आणि ऋण दाखविण्यासाठी त्या शंभरावर एक टिंब. बरोबरीचे चिन्ह नाही. दोन ओळी एकीखाली एक आल्या की त्या समान. आजच्या रीतीने हेच ६ क्ष + ३०० = १० क्ष − १०० असे लिहिले जाईल. चार घोड्यांचे ४०० होतात, घोडा १०० ला पडतो आणि प्रत्येकाचे वित्त ९०० भरते. बरोबरीच्या ज्या दोन समांतर रेघा आज सर्वत्र दिसतात, त्या रॉबर्ट रेकॉर्ड या ग्रंथकाराने १५५७ साली प्रथम छापल्या.

‘जितके तितके’ हे नाव मोठे मार्मिक आहे. ‘या’ म्हणजे घोडा नव्हे, घोड्याची किंमत. वस्तू नव्हे, संख्या. नेमका हाच भेद मुलांच्या हातून निसटतो. ‘आं’ म्हणजे आंबा असे सोपे करून सांगण्याची काही वर्गांत चाल आहे. ती तेवढ्यापुरती सोयीची, पण पुढे फार महाग पडते. १९८०च्या आसपास अमेरिकेत अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांना एक वाक्य देण्यात आले : विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. एक तृतीयांशाहून अधिक जण चुकले, आणि बहुतेकांची चूक एकच होती. विद्यार्थी ‘व’ आणि प्राध्यापक ‘प’ धरून त्यांनी ६ व = प असे लिहिले. ‘सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक’ हे डोळ्यांपुढचे चित्र त्यांनी जसेच्या तसे उतरविले होते. प्राध्यापक १० धरून पाहिले असते तर विद्यार्थी ६० येतात आणि ६ × ६० म्हणजे काही १० नव्हे, हे तत्काळ ध्यानात आले असते.

मराठीचे स्वतःचेही काही खळगे आहेत. ‘क्ष अधिक ३ ची दुप्पट’ म्हणजे क्ष + ६ की २(क्ष + ३)? बोलणाऱ्याने कुठे थांबावे यावर ते अवलंबून. कागदावर तो थांबा कंसाला दाखवावा लागतो. ‘क्ष व ३ यांच्या बेरजेची दुप्पट’ म्हटले की संशय उरत नाही. ‘५ वर्षांनी’ हा शब्द तर दुहेरी आहे. ‘बहीण भावापेक्षा ५ वर्षांनी मोठी’ यात तो अंतर सांगतो. ‘५ वर्षांनी वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट होईल’ यात काळ. या दुसऱ्या वाक्यात मूल वडिलांचे वय वाढविते आणि मुलाचे तसेच ठेवते. मुलगा आज क्ष वर्षांचा असेल, तर वडील आज ३(क्ष + ५) − ५, म्हणजे ३ क्ष + १० वर्षांचे आहेत. मुलगा १० वर्षांचा धरला तर वडील ४०. पाच वर्षांनी १५ आणि ४५. ताळा जमतो.

एका बाबतीत मात्र मराठी मूल सुदैवी म्हटले पाहिजे. ‘क्षपेक्षा ५ ने कमी’ हे वाक्य ज्या क्रमाने ऐकू येते त्याच क्रमाने क्ष − ५ असे लिहिता येते. इंग्रजीत ५ आधी येतो आणि क्ष मागून, म्हणून पुष्कळ मुले ५ − क्ष लिहून मोकळी होतात. इंदूर, बडोदे किंवा दिल्लीस राहून इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलाला पालकांनी असे वाक्य आधी मराठीतून म्हणावयास सांगावे. क्रम आपोआप सुधारतो.

उलट वाटेची सवय आपल्याकडे फारच कमी लावली जाते. ४ क्ष + १० असे पुढे ठेवून ‘यावर गोष्ट सांग’ म्हटले, तर एक मूल चार वह्या आणि दहा रुपयांचे पेन आणील, दुसरे चार प्रवाशांचे तिकीट आणि दहा रुपयांचा हमाल. जो ‘क्ष म्हणजे वही’ म्हणेल त्याला लगेच विचारावे : वही, की वहीची किंमत?