काशीचे एक घर आणि इलेक्ट्रॉनांची परेड

कॅडेट मित्रांनो, तासाला तुमच्यापैकी एकाने विचारले, "सर, कृष्णविवर आणि विजेची तार यांचा काय संबंध?" उत्तर देताना मला वाराणसी आठवली. दिवाळीच्या सुट्टीत मी काशी हिंदू विश्वविद्यालय पाहिले. १९३२ मध्ये विष्णू वासुदेव नारळीकर तेथे गणिताचे विभागप्रमुख झाले. त्यांचा विषय गुरुत्वाकर्षण. थोरले चिरंजीव जयंत त्याच वाटेने गेले. धाकटे अनंत अतिवाहकतेचे संशोधक झाले. एकाच घरातले हे दोन विषय आता एकमेकांना भेटले आहेत.

पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो, हे १९११ मध्ये कामरलिंग ओनेस यांना आढळले. हीच अतिवाहकता. इलेक्ट्रॉन जोड्या करून एका तालात चालतात. काही पदार्थांत मात्र थंडीत ते ठरावीक अंतरावर दाटी करतात: दाट, विरळ, दाट, विरळ. ही विद्युतभार-घनता लहर.

परेड मैदान आठवा. शंभरातल्या काहींना गटागटाने 'थम' दिले, तर 'तेज चल'साठी कमी उरतात. नायोबियम डायसेलेनाइडमध्ये लहर उणे २४० अंशांच्या आसपास येते, अतिवाहकता उणे २६६ अंशांना. दोन्ही एकत्र नांदतात. काही ताम्र-ऑक्साइडांमध्ये मात्र अतिवाहकता येताच लहर क्षीण होते.

अशा पदार्थांत इलेक्ट्रॉन इतके गुंतलेले असतात की एकेकाचा हिशेब जमत नाही. १९९७ मध्ये हुआन माल्डासेना यांनी सुचवले की अशा काही प्रणालींचे गणित एक मिती जास्त असलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या भाषेत मांडता येते. यालाच होलोग्राफी म्हणतात. पदार्थाचे तापमान म्हणजे तिथल्या कृष्णविवराचे तापमान. २००८ मध्ये हार्टनॉल, हर्झॉग आणि होरोविट्झ यांनी दाखवले की विद्युतभारित कृष्णविवर पुरेसे थंड झाले की त्याभोवती एक क्षेत्र आपोआप जमते, ती अतिवाहकता. क्षितिजावर लाटा उमटल्या, तर ती घनता लहर. विद्युतभार एकच, वाटेकरी दोन! मांडणीतले आकडे बदलले की कधी एक जिंकते, कधी दोन्ही नांदतात.

हे प्रतिरूप खऱ्या धातूचे नव्हे. ते आपल्या सँड मॉडेलसारखे आहे. वाळूतली टेकडी घेतली म्हणजे खरी टेकडी सर झाली असे नाही. पण चढाई कुठे अडेल हे आधी कळते.