शिरस्त्याचा व्यायाम

एकाच दुमजली बसगाडीत, एकाच रस्त्यावरून, त्याच धुरातून आणि जवळपास सारख्याच पगारावर दिवसभर हिंडणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्या हृदयाला दुसऱ्याच्या मानाने अधिक धोका का असावा, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत लंडनमधील जेरेमी मॉरिस या वैद्यक-संशोधकांना पडला, आणि त्याचे जे उत्तर त्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले त्याच्या पायावर व्यायाम आणि हृदय यांच्या संबंधाचे आधुनिक शास्त्र पुष्कळ अंशी उभे राहिले. ड्रायव्हर आपल्या पाळीचा नव्वद टक्के वेळ बसून काढी. कंडक्टर मात्र तिकिटे फाडीत, उतारूंच्या गर्दीतून वाट काढीत, चालत्या गाडीचा अरुंद जिना चढत-उतरत राही, आणि दिवसाकाठी त्याच्या ५०० ते ७५० पायऱ्या होत. हजारो कर्मचाऱ्यांच्या आजारपणाचे दप्तर तपासल्यावर असे आढळले की, कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे झटके ड्रायव्हरांच्या मानाने बरेच कमी होते, आणि झटका आल्यावर अल्पावधीत दगावण्याचे प्रमाणही कमी होते.

मॉरिस सावध वृत्तीचे असल्यामुळे एवढ्यावर त्यांनी निकाल दिला नाही. टपाल खात्यात पायी व सायकलीवर टपाल वाटणारे पोस्टमन आणि मेजापाशी बसणारे कारकून यांची तुलना त्यांनी करून पाहिली, आणि तेथेही पारडे चालणाऱ्यांच्याच बाजूने झुकले. कंडक्टर मुळातच सडपातळ असतील, अशी शंका कोणीही घेतली असती. म्हणून त्यांनी बसकर्मचाऱ्यांच्या गणवेशांचे तपशील मागवून विजारींच्या कंबरेची मापे धुंडाळली. ड्रायव्हरांच्या कंबरा खरोखरच मोठ्या निघाल्या. तथापि कंडक्टर कृश असो, मध्यम असो की स्थूल असो, ड्रायव्हरापेक्षा त्याचा धोका कमीच राहिला. देहाच्या आकारमानाने ज्याचा उलगडा होत नाही असे काहीतरी त्या जिन्यावर घडत होते.

ते काय, हे आता बऱ्याच अंशी उलगडले आहे. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्यासरशी सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे लोटते, आणि मिनिटाला ७० ठोके धरले तर तेवढ्या वेळात पाच लिटरांच्या आसपास, म्हणजे शरीरातील जवळजवळ सगळे रक्त, एक फेरा पुरा करते. व्यायामाने ठोक्यांची कमाल संख्या वाढते असा समज आहे. वस्तुतः ती वयाबरोबर उतरतच जाते. वाढते ते प्रत्येक ठोक्याचे माप. पहिल्या एकदोन आठवड्यांतच रक्तातील द्रवभाग वाढू लागतो, डावा कप्पा अधिक भरतो आणि अधिक जोमाने रिता होतो. पुढे मांड्या-पोटऱ्यांच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, प्राणवायूपासून शक्ती निर्माण करणाऱ्या पेशींतील सूक्ष्म घटकांची संख्या वाढते, आणि रोहिण्यांचे आतले अस्तर अधिक लवचिक राहून रक्तदाबही काहीसा उतरतो. परिणामी तेच काम कमी ठोक्यांत भागते. ज्याची विश्रांतीची नाडी मिनिटाला ७५ वरून ६५ वर आली, त्याच्या हृदयाचे दिवसाकाठी १४,४०० ठोके वाचले.

आता या जमेच्या बाजूला लागूनच असलेली खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहूनही अधिक घटली. मागाहून आठ आठवडे कसून व्यायाम केल्यावर ती भरून निघाली, किंबहुना मूळच्याही पुढे गेली. हेच पाच जण पन्नाशीत पोहोचल्यावर त्यांना पुन्हा तपासले असता असे दिसले की, तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची जितकी हानी केली नव्हती तितकी तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या आरामाने केली होती. आणि सहा महिने हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्या-धावण्या-सायकलीने ते आपल्या विशीतल्या पातळीला परतले. पन्नाशी ही सबब होऊ शकत नाही, याला याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

म्हणून हृदयाची ही कमाई पिढीजाद वतनासारखी नाही. ती खंडाने घेतलेल्या जमिनीसारखी आहे, खंड थकला की कब्जा गेला. अमेरिकेतील राल्फ पॅफनबार्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या हजारो माजी विद्यार्थ्यांची पाहणी केली, तीत महाविद्यालयीन दिवसांत मैदान गाजवून नंतर खुर्चीत स्थिरावलेल्या खेळाडूंना त्या जुन्या पराक्रमाचे संरक्षण उरलेले नव्हते. उलट, तरुणपणी मैदानाकडे न फिरकलेले पण उत्तरायुष्यात नियमित हालचाल करणारे लोक सुरक्षित बाजूला होते. पुढे १९९६ साली मॉरिस आणि पॅफनबार्गर या दोघांना क्रीडाशास्त्राचे ऑलिंपिक पारितोषिक मिळून देण्यात आले. मॉरिस स्वतः नव्वदी ओलांडल्यावरही व्यायाम करीत राहिले आणि २००९ साली, वयाच्या ९९व्या वर्षी निवर्तले.

मग खंड किती भरावयाचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, किंवा त्याच्या निम्मा वेळ जोरकस श्रमाचा व्यायाम सांगितला, आणि जोडीला दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे काम. आठवड्याची १०,०८० मिनिटे धरली तर १५० हे शेकडा दीडच भरते. मध्यम श्रम ओळखावयास यंत्र लागत नाही: भरभर चालताना सोबत्याशी वाक्य पुरे बोलता यावे, पण गाणे म्हणू गेल्यास दम पुरू नये. प्रगती पाहावयाची तर सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर, अंगठ्याच्या बाजूस, तर्जनी व मध्यमा टेकवून अर्धा मिनिट ठोके मोजावेत आणि त्यांची दुप्पट करून टिपून ठेवावी. मात्र दीर्घकाळ बैठे आयुष्य काढलेल्याने एकदम धावत सुटू नये, कारण सवय नसलेल्या देहाला अकस्मात केलेला जोरकस श्रमच अधिक धोक्याचा ठरतो. आणि छातीत दुखणे, मधुमेह किंवा रक्तदाब असेल त्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हे सारे बहुतेकांना ठाऊक असते, तरी जानेवारीतला संकल्प फेब्रुवारीपर्यंत तग धरीत नाही. याचे कारण आपण व्यायामाला निश्चयाचा मामला मानतो, हे आहे. लंडनच्या कंडक्टराने कसलाही निश्चय केला नव्हता; जिना त्याच्या चाकरीतच होता. मुंबईच्या दुमजली गाडीत दोन मजल्यांना दोन कंडक्टर असत, तेव्हा तो लाभ इकडच्या कंडक्टराच्या वाट्याला तितका आला नसावा. म्हणजे माणूस तोच, धंदा तोच, फरक केवळ तजविजीचा. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हे मर्म ओळखले होते. स्वतः नित्य सूर्यनमस्कार घालणाऱ्या या राजाने आपल्या संस्थानातील शाळांच्या दिनक्रमातच नमस्कार दाखल केले, आणि रोज सकाळी नव्याने मन वळवण्याची यातायात मुलांच्या मागून काढून टाकली. आज लिफ्टने, स्कूटरने आणि दारात येऊन पडणाऱ्या वाणसामानाने आपल्या दिवसातली उरलीसुरली पायपीट हिरावून घेतल्यावर ती योजून परत आणावी लागेल: ठरलेली वेळ, वाट पाहणारा सोबती, पायीच उरकावयाचा बाजार आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जिनाच चढण्याचा घरचा शिरस्ता. पण हा शिरस्ता उंबरठ्याबाहेरही चालू राहावयाचा तर पदपथ मोकळे हवेत. आणि ज्या शहरात ते गाड्यांनी व दुकानांनी अडवले आहेत, तेथील नागरिकाने सकाळी बुटांच्या नाड्या बांधण्याबरोबरच नगरपालिकेकडे रीतसर अर्ज करणे, हाही हृदयाच्या आरोग्याचाच भाग समजावा.